मेरकादाच्या आईचं नाव

दे. कृ.
ओहेल मोशे, जेरुसलेम
१८ मे १९५८

ती. बोहोरदादास,
लूनाचं हस्तचुंबन. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हैफाला उकाडा फार आणि तुझ्या शाळेतली पोरं त्याहून फार, हे कळलं. रेनावहिनींच्या गुडघ्याला मी सांगितलेला लेप लावलात का, ते मात्र लिहिलं नाहीस. म्हणजे लावला नाही.

आता मुद्द्याचं. मेरकादाला परवा इस्पितळात ठेवलं. जिना चढता चढता मध्येच बसली, ओठ निळे, आणि वर मलाच म्हणते, ताई, गवगवा करू नकोस. लहानपणी तो ताप आला होता ना, त्याने हृदयाची एक झडप चिकटत आली आहे म्हणे. आता ऑपरेशन करून ती उघडायची. सण झाल्यावर, ८ जूनला, रविवारी. मी डॉक्टरांना विचारलं, नाही केलं तर? तर म्हणाले, मग पुढचा हिवाळा धरू नका. आणि केलं तर? म्हणाले, बाई, हे ऑपरेशन आम्हीसुद्धा आत्ता आत्ताच करायला लागलोय. इतकं खरं बोलणारा डॉक्टर मला नको होता.

काल सिनेगॉगमध्ये आजाऱ्यांची नावं घ्यायची वेळ आली. यांनी मेरकादाचं नाव सांगितलं. प्रार्थना चालवणाऱ्या हाखाम यामिनांनी रीतीप्रमाणे विचारलं, कोणाची मुलगी, आईचं नाव काय? हे गोंधळले, त्यांनी वर बायकांच्या सज्जाकडे पाहिलं. हाखामांनीही पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आणि दादा, सख्ख्या बहिणीच्या आईचं नाव मला सांगता आलं नाही. मी नुसती मान हलवली, पुढच्या खेपेला सांगते म्हणून.

तू म्हणशील लूनाला वेड लागलं. पण तूच सांग, एस्त्रेया म्हणायचं की जोया? मेरकादा तीन वर्षांची होती, तापात वाचत नव्हती, तेव्हा आईने तिला समोरच्या जोयामावशीला विकलं. मी लहान होते, मला एवढंच आठवतं की मावशीने आईच्या तळहातावर एक जुनं तुर्की नाणं ठेवलं आणि तू मेरकादाला उचलून अंगणापलीकडे नेलंस. तिचं आधीचं नाव त्या दिवशी टाकलं ते टाकलंच. मेरकादा ठेवलं, म्हणजे विकत घेतलेली. मृत्युदूत एस्त्रेयाच्या मुलीला शोधत आला तर त्याला तिथे एस्त्रेयाची अशी मुलगीच सापडू नये. आणि तो फसला. ताप उतरला.

आपल्यात अशी मुलगी लग्नाच्या दिवशी परत विकत घेतात. हिचं लग्नच झालं नाही, म्हणजे ती अजून जोयामावशीचीच. आता भर सभेत एस्त्रेयाचं नाव घेतलं तर आपणच त्या दूताला पत्ता दिल्यासारखं होईल. आणि जोया म्हटलं तर ज्याच्यापुढे हात पसरायचे त्यालाच खोटं नाव सांगायचं. मला फार भीती वाटते, दादा. हे म्हणतात, तुझ्या दादाला विचार, तो पंतोजी आहे.

लोभ असू दे, आणि या खेपेला उत्तरही वेळेवर असू दे.
तुझी,
लूना


हैफा
२१ मे १९५८

चि. लूनास,
बोहोरचे अ. उ. आ.

लेप लावला. गुडघा आहे तसाच आहे, पण शेजारचे आता आमच्याकडे पत्ते खेळायला येत नाहीत.

मेरकादाचं वाचून जीव खालीवर झाला. डॉक्टरांचं नाव कळव. इथल्या एका ओळखीच्या डॉक्टरला विचारून ठेवतो.

नावाचं म्हणशील तर तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस. देव काय पोस्टातला कारकून आहे, की पत्ता अपुरा असा शिक्का मारून प्रार्थना परत पाठवील? आणि तो मृत्युदूत इतकी वर्षं अंगणापलीकडचं दार चुकत असेल तर त्याला त्या नोकरीवर ठेवला कोणी? सरळ आईचं नाव सांग आणि मोकळी हो.

तू पंतोजी म्हणालीस म्हणून सांगतो. आमच्याकडे सध्या एलीच्या मुलांचा धडा चालू आहे. बाप मुख्य पुरोहित, पोरं देवाच्या दारात वाढलेली, स्वतः पुरोहित झालेली, आणि त्यांच्याबद्दल लिहिलंय काय, तर ती देवाला ओळखत नव्हती. मग मी वर्गाला सांगतो, आपल्या भाषेत नवराबायकोच्या जवळिकीला जो शब्द आहे तोच देवाला ओळखण्याला आहे. नुसती माहिती असणं वेगळं, ओळख वेगळी. ओळख संगतीने होते, रुसून, भांडून, रोज तोंड पाहून होते. हे मी फार छान शिकवतो, मुख्याध्यापकही दाराशी थांबून ऐकतात. घरी येताना वाटतं, मी त्या एलीच्या पोरांतलाच. देवाची माहिती माझ्याकडे भरपूर आहे, तो कुठल्या अध्यायात काय बोलला ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण तोच जिन्यात समोर आला तर मी अंग चोरून वाट देईन आणि विचारीन, कोणाकडे जायचंय आपल्याला?

तेव्हा मला विचारण्यात अर्थ नाही. मेरकादालाच विचार, तिची आई कोण ते.

परीक्षा तोंडावर आहेत, मला निघता येत नाही. लोभ आहेच, रागावलीस तरी तो राहील अशा बेताने रागाव.
तुझा,
बोहोर


दे. कृ.
जेरुसलेम
२७ मे १९५८

ती. दादास,
लूनाचं हस्तचुंबन. वि. वि.

तुझ्या पत्राच्या माथ्यावर देवाच्या कृपेची दोन अक्षरंही नसतात, हे मी पुष्कळ वर्षं पाहतेय. आत्तापर्यंत बोलले नव्हते. आता घरात आजारपण आहे म्हणून बोलते.

सणाची दुधातली तांदळाची खीर घेऊन गेले होते मेरकादाकडे. वर दालचिनी, आई घालायची तशी. दोन चमचे खाल्ले आणि वाटी बाजूला ठेवली. तुझ्या सांगण्यावरून विचारलं मी तिला. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, जोयाचंच नाव सांगा. मला विकलं होतं ना, मग विकलेलीच राहू दे. मी म्हटलं, अगं, तो नुसता उपचार होता, राहायचीस तर आपल्याच घरात, माझ्याच अंथरुणात. त्यावर ती जे बोलत सुटली, दादा, ते मला माहीतच नव्हतं असं नाही, पण तिने इतकं मोजून जपून ठेवलंय हे माहीत नव्हतं. अंगणात बायका बसल्या की आई तिला जोयाची पोर म्हणायची. शिवणाच्या शाळेत तिचा पहिला नंबर आला तेव्हा आई म्हणाली, जोयाला दाखव जा. तिला सणाचा नवा झगा जोयामावशीच्या खिडकीतून मिळायचा, आपल्याला आईच्या हातून. आई गेली त्या दिवशी ती उशाशी बसून होती, आता तरी माझी म्हणेल म्हणून. आई काय म्हणाली, तर जोयाला सांगा, पोरीला सांभाळ.

मग म्हणते, तुमच्या त्या देवाकडे माझ्यासाठी काही मागू नका. माझी त्याची ओळख नाही. आईची त्याची दाट ओळख होती म्हणतात, पण तिने माझी ओळख करून दिली नाही. शेजारणीच्या पोरीची कोण करून देतं?

हे बोलताना तिला इतका दम लागला की नर्सने मला बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, तिला कसलाही धक्का बसता कामा नये. मी जिन्यात बसून रडले आणि उरलेली खीर तिथल्या झाडूवालीला दिली.

या शनिवारीही यांनी नाव दिलं नाही. बायका तर आता बोलायला लागल्या आहेत. दिवस थोडे राहिले, दादा, आणि तिच्यासाठी अजून एक शब्द वर गेलेला नाही. काय करू ते लिही. तू येतोस का तेही लिही.

लोभ आहे तो दिसूही दे.
तुझी,
लूना


हैफा
३० मे १९५८

चि. लूनास,
अ. उ. आ.

घाईत लिहितो. असं कर, जोयामावशी ज्या वृद्धाश्रमात आहे तिथे जा, तिच्या हातावर एक नाणं ठेव आणि मेरकादाला परत विकत घे. लग्नच कशाला लागतं? मग ती एस्त्रेयाची मुलगी, आणि ते नाव पुकारायला कोणाची हरकत नको. मेरकादालाही बरं वाटेल, घरी घेतली म्हणून.

तिला मी पलीकडे नेलं तेव्हा ती माझ्या मानेवर तोंड ठेवून होती. मान भाजत होती माझी. दारात मावशीने हात पुढे केले तर ती माझा सदरा सोडीना. बोटं एकेक करून सोडवावी लागली, आणि ते आईने केलं. हे आजवर कधी आठवलं नव्हतं, आता दिवसभर आठवतं. रेना म्हणते मी तपासलेले पेपर पुन्हा तपासतोय.

येण्याचं म्हणतेस, पण मी तिथे येऊन करणार काय? इस्पितळाच्या वासाने मला घेरी येते हे तुला ठाऊक आहे. इथून जे करता येईल ते करतो.

लोभ असावा. आत्ता तर हवाच.
बोहोर


दे. कृ.
जेरुसलेम
२ जून १९५८

ती. दादास,
लूनाचं हस्तचुंबन. वि. वि.

गेले होते. जोयामावशी खिडकीशी भेंडी निवडत बसली होती, तिथल्या स्वयंपाकिणीच्या हातची तिला पटत नाही. कान गेलेत, जीभ आहे तशीच. मला पाहून पहिलं वाक्य म्हणजे, लूना, तू जाड झालीस.

मी नाणं पुढे केलं आणि ओरडून ओरडून सांगितलं, मेरकादाला परत घ्यायला आलेय. तिने ते नाणं उचलून माझ्याच पिशवीत टाकलं. म्हणाली, विकायची नाही. मी समजावलं, मग चिडले, मग रडले. ती म्हणाली, रड, पण विकायची नाही. तुझ्या आईने मला शपथ घातलीय. जोवर ती माझी आहे तोवर ती जगेल, असं एस्त्रेया मरेपर्यंत धरून होती. ताप गेला पण काळीज कच्चं राहिलं, हे तिला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून तर ती लोकांदेखत कधी चुकूनही माझी म्हणाली नाही. तुम्हाला काय वाटलं, तिला जड जात नव्हतं?

मग तिने जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते. शुक्रवारी आई घरात दिवे लावायची आणि अंगण ओलांडून मावशीच्या स्वयंपाकघरात यायची. आपल्याला वाटायचं मीठ नाहीतर विरजण मागायला जाते. तिथे भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात धरून पुटपुटायची, बरी ठेव तिला, बरी ठेव तिला. एवढंच. एकदा मावशीने विचारलं, अगं एस्त्रेया, नाव तरी घे पोरीचं. आई म्हणाली, नाव घेतलं तर तो दुसरा ऐकेल. मावशीने विचारलं, मग देवाला कसं कळायचं तू कोणाबद्दल बोलतेस? तर आई हसली म्हणे. म्हणाली, त्याला न कळायला काय झालं? दुसऱ्या कोणाबद्दल मी त्याच्याशी बोलतच नाही.

खरं सांगते दादा, क्षणभर मला वाईटच वाटलं. म्हणजे तुझं नि माझं कधी काही नाहीच. नंतर बसमध्ये लाज वाटली.

मेरकादाला हे सांगायला हवं, पण माझी छाती होत नाही. तिला धक्का बसला आणि तिथल्या तिथे काही झालं तर? आणि नाही सांगितलं आणि रविवारी काही झालं तर? मी दोन्हीकडून मेले आहे. नावाचं तर अडलंय तिथेच अडलंय.

लोभ राहू दे, मला दुसरा आधार नाही.
तुझी,
लूना


दे. कृ.
हैफा
४ जून १९५८

चि. लूनास,
अ. उ. आ.

वर काय लिहिलंय ते पाहून हसू नकोस.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास मला घेता आला नाही. पोरांना वाचत बसा म्हटलं. या शनिवारी सिनेगॉगमध्ये कोणता भाग वाचणार आहेत माहीत आहे तुला? मोशेच्या बहिणीचा. मिर्यामचं अंग रोगाने पांढरं पडतं आणि मोशे देवाला हाक मारतो. जो माणूस देवाशी तोंडासमोर बसून बोलायचा, मित्राशी बोलावं तसा, तो आपल्या बहिणीसाठी किती बोलला असेल? पाच शब्द. देवा, बरं कर ना तिला. झालं. ना तिचं नाव, ना आईचं नाव. नुसतं तिला.

हे मी दर वर्षी शिकवतो. जुन्या आचार्यांनी यावरून नियम काढला, की दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याचं नाव घेतलंच पाहिजे असं नाही. तोही मी फळ्यावर लिहून देतो. आणि आईला तर अक्षर ओळखता येत नव्हतं. ती मिठाच्या निमित्ताने जाऊन तेच म्हणत होती. लूना, मी आयुष्यभर ओळख या शब्दाचा अर्थ सांगत फिरलो आणि ती ओळख आपल्या अंगणातून दर शुक्रवारी माझ्यासमोरून जात होती. मी तेव्हा पायरीवर बसून गोट्या खेळत असेन.

हाखाम यामिनांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं नाव नको, नियम आहे. त्यांनी नुसतं तिला म्हणावं. माझ्या वतीने तू म्हण. निकालाचे कागद शुक्रवारी द्यायचे आहेत, नाहीतर आलो असतो.

लोभ आहेच, तुझाही असू दे.
बोहोर


दे. कृ.
जेरुसलेम
५ जून १९५८

ती. दादास,
हस्तचुंबन. वि. वि.

हे पत्र पोस्टाने नाही. रेनावहिनींच्या भावाच्या हाती देते, त्याची बस रात्री हैफाला पोचते. म्हणजे मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही.

तुझं पत्र हाखामांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले, तुझ्या भावाने अर्धाच नियम लिहिलाय. नाव लागत नाही हे खरं, पण कधी, तर आजारी माणूस समोर असताना. मोशेच्या डोळ्यांसमोर त्याची बहीण होती. लांब बसून मागणाऱ्याला नाव सांगावं लागतं. जवळ उभं राहणाऱ्याला लागत नाही.

तर हे असं आहे. तू हैफाला बसणार असशील तर आईचं नाव कळव, आणि कोणत्या आईचं ते तूच ठरव. नाहीतर उद्या दुपारच्या आत बसमध्ये बस. सूर्य मावळला की विश्रांतीचा दिवस लागतो, मग बस नाही हे तुला सांगायला नको. निकालाचे कागद रेनावहिनी नेऊन देतील, गुडघा दुखत असला तरी.

आईचं मी मेरकादाला काहीही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. अंगणापलीकडे तिला तूच नेलं होतंस. आता परत कोण आणणार?

घेरी आली तर पाणी मी देईन. लोभ घेऊन ये.
लूना


जेरुसलेम
२९ जून १९५८

ती. बोहोरदादास,
मेरकादाचा नमस्कार. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण उजवा हात अजून वर होत नाही. लूनाताई म्हणते मी लिहून घेते, तू सांग. पण ती मधे मधे स्वतःचं घालते.

बरी आहे. डॉक्टर म्हणतात झडप उघडली, पण अजून काही महिने जिना नाही, बादली नाही, संताप नाही. तिसरं जमेल असं वाटत नाही. काल जोयामावशी येऊन गेली. माझ्याकडे पाहून म्हणाली, विकली असती तर गेली असती. आणि माझ्या वाट्याचं पीच खाऊन टाकलं.

तू गेल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणत होते. तू त्या शनिवारी भर उन्हात, लोकरीचा कोट घालून, ओहेल मोशेपासून चालत आलास. दारात पाय ठेवलास, पांढराफटक पडलास, आणि नर्सने तुला माझ्या खाटेवर बसवून माझंच पाणी पाजलं. शेजारच्या खाटेवरची बाई मला विचारत होती, ऑपरेशन यांचं आहे का? मला हसू आवरेना, आणि हसले की दुखायचं.

मग तू आईचं सांगितलंस. मी भिंतीकडे तोंड फिरवलं ते तुला वाटलं रडण्यासाठी. रडण्यासाठी नव्हे, रागाने. इतकं होतं तर एकदा माझ्या कानात सांगायला काय झालं होतं तिला? तो राग अजून गेलेला नाही, तुला खरं तेच सांगते. तिला मी वाचायला हवी होते आणि मला ती हवी होती, दोघींचं एका वेळी झालं नाही. नंतर तू उठलास, मी झोपले असं समजून खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलास आणि ते पाच शब्द म्हणालास. घाईघाईने, धडा न येणाऱ्या पोरासारखे. मी जागी होते.

रविवारी सकाळी मला आत नेलं. नाकावर रबराची वाटी ठेवली, त्याचा वास अजून जात नाही. डॉक्टर म्हणाले, मनातल्या मनात काहीतरी म्हणा. मी खूप घाबरले होते, दादा. म्हणायचं काय? तुझे शब्द आठवले, पण ते दुसऱ्याने म्हणायचे, मीच मला तिला कसं म्हणू? नाव सांगावं तर पहिलं टाकलेलं आणि दुसरं विकतचं. मुलगी कोणाची तेही सांगता येईना. आणि ज्याला सांगायचं त्याच्याशी मी जन्मात कधी बोललेले नाही. डोकं जड व्हायला लागलं, वेळ निघून चालला. तेव्हा घाईत एवढंच म्हटलं, ती बाई दर शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून जिच्याबद्दल बोलायची ना, ती मी.

पुढचं आठवत नाही. जाग आली तर लूनाताई माझे पाय चोळत होती आणि तू खिडकीत उभा राहून बाहेर बघत होतास.

जोयामावशीकडून मला सोडवू नका. असू दे तसंच. सिनेगॉगमध्ये आभाराची प्रार्थना म्हणायची आहे, तेव्हा हाखाम पुन्हा आईचं नाव विचारतील. त्यांना काय सांगायचं ते मी लूनाताईच्या नवऱ्याला सांगून ठेवलंय, तुला इथे लिहीत नाही. जवळ असलास तर ऐकशील.

रेनावहिनींना आठवण. लेप लावू नका, माझं ऐका. लोभ करशील तो नावानिशी नसला तरी चालेल.

तुझी,
ती